एका चमच्यात किती मजले

विजू, तुझ्या मिरच्या काल डंकावरून कुटून आणल्या. यंदा मसाला लालभडक झालाय, बेडगी जरा जास्तच पडली. तू असतीस तर म्हणाली असतीस, रंग काय खायचाय का, तिखट कुठाय. भावोजींच्या हातात डबा दिला तर ते तो धरून दारात नुसते उभेच राहिले. शेवटी मीच आत जाऊन तुमच्या फळीवर ठेवला, चार मजले उतरून घरी आले आणि हे लिहायला बसले. डोक्यात काही आलं की आधी विजूला सांगायचं, ही खोड तूच लावलीस. आता निस्तर.

शाळेत तुझी शोकसभा झाली. मुख्याध्यापक म्हणाले, 'विजयाबाई अतिशय मनमिळाऊ होत्या.' मनमिळाऊ! स्टाफरूममध्ये तुझ्याशी वाद न झालेला एक माणूस दाखवावा त्यांनी. मला हसू आवरेना, पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, सुमनबाई रडतायत. मग खरंच रडले, त्यामुळे निभावलं.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. तू नवीन लागलीस, भौतिकशास्त्राला. मी गृहशास्त्राची. माझ्या वर्गात मी स्वतः रंगवलेला आहाराचा तक्ता टांगला होता, कुठल्या पदार्थात किती कॅलरी. तो तू मला न विचारता नववीच्या वर्गावर घेऊन गेलीस, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडून माझ्यासमोर बसलीस. चेहरा असा, की घरी काही विपरीत घडलंय.

'तुमच्या तक्त्यात पोळीला ऐंशी कॅलरी लिहिल्यात.'

'मग?'

'मग आपण जिवंत कसे?'

मला वाटलं, बाई फिरलीय. तू सांगत सुटलीस. एक कॅलरी म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवणारी उष्णता, म्हणजे चार पूर्णांक दोन ज्यूल. ऐंशी कॅलरीचे झाले तीनशे छत्तीस ज्यूल. पंधरा किलोची भरलेली बादली एक मीटर उचलायला दीडशे ज्यूल लागतात. म्हणजे अख्खी पोळी खाल्ली तरी बादली दोन मीटरच्या थोडी वर जाणार, पहिला मजलाही गाठणार नाही. हे गणित तू पोरांकडून सोडवून घेतलं होतंस, आणि पोळीवर माणूस जगू शकत नाही असं सगळ्या वर्गाने मिळून ठरवलं होतं.

'अहो बाई,' मी म्हटलं, 'आमची कॅलरी मोठी असते. तुमच्या हजार म्हणजे आमची एक. आहारशास्त्रात सगळे तसंच लिहितात.'

दुसरी कुणी असती तर ओशाळली असती, नाहीतर माझ्यावर चिडली असती. तू हातातला घास डब्यात परत ठेवलास. 'हजारपट?' असं अगदी हळू म्हणालीस. टेबलावर पाणी सांडलं होतं, त्यात बोट बुडवून तिथेच आकडे मांडलेस आणि माझ्याकडे बघितलंस. 'सव्वादोन किलोमीटर. एका पोळीत, भरलेली बादली, सव्वादोन किलोमीटर उंच.' मग डब्यातली पोळी दोन बोटांनी उचलून उजेडाकडे धरलीस. 'आणि हे आपण बटाट्याच्या भाजीला लावून खातो.'

मी म्हटलं, 'आमचे हे चार खातात, बादली एकदाही उचलत नाहीत.' तेव्हा पहिल्यांदा तू खो खो हसलीस, आणि 'अहो सुमनबाई'ची 'सुमे' त्याच आठवड्यात झाली.

पुढच्याच वर्षी तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलात, चौथ्या मजल्यावर. मी तळमजल्यावर. मुलुंडच्या पाण्याला जोर तो कितीसा, माझ्या नळापर्यंत येऊन त्याची दमछाक व्हायची. सोसायटीचा पंप निम्मे दिवस आजारी. मग सकाळी शाळेच्या आधी तू खाली यायचीस, माझ्याकडे बादल्या भरायचीस, एक तू न्यायचीस, एक मी. असंच एकदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी बादली हातात धरून श्वास घ्यायला थांबले. खाली ठेवली नाही, परत वाकायचा कंटाळा. मागून तू म्हणालीस, 'आत्ता तू काही काम करत नाहीयेस.'

'काय म्हणालीस?'

'बल आहे, पण विस्थापन नाही. बल गुणिले शून्य, शून्य. एक ज्यूलसुद्धा नाही.'

'असं? मग तुझी ठेव खाली आणि माझं हे शून्य धर.'

तू धरलंस. माझ्याकडे बघत, हटून, मनगट थरथरायला लागलं तरी धरून राहिलीस. कपाळावर घाम आला. दातांवर दात ठेवून म्हणालीस, 'शून्यच.'

'मग घाम कसला येतोय?'

'तो वेगळा प्रश्न आहे.'

'वेगळा कसा गं? दमणार मी आणि शून्य म्हणणार तुझं पुस्तक.'

'पुस्तक बादलीचा हिशोब ठेवतं. तुझा नाही.'

'मग माझा कोण ठेवणार?'

'सांगीन कधीतरी. आधी तू डोकं चालव.'

हे 'सांगीन कधीतरी' किती वर्षं चाललं, विजू. गॅसचा सिलिंडर धरून दारात उभी राहिले, गणपतीच्या मखराची पट्टी छताला धरून स्टुलावर उभी राहिले, की तू खालून म्हणायचीस, 'शून्य.' आणि मी म्हणायचे, 'मेले, उत्तर दे.' द्यायची नाहीस. मला वाटायचं, तुलाच येत नाही.

पण बाकी सगळं तू न विचारता सांगायचीस. ही बादली चार मजले चढवायला अठराशे ज्यूल, तीच अंघोळीपुरती कोमट करायला साडेनऊ लाख. पाचशे पटींच्या वर. हे ऐकलं त्या सकाळी मी आमच्या बंबाकडे बघतच राहिले. जिन्यात आपला जीव जातो, आणि बंबात पाणी गपचूप तापतं तेव्हा काही घडलं असं वाटतही नाही. आणि विजेच्या बिलावरचं एक युनिट, तू म्हणालीस, छत्तीस लाख ज्यूल. पंपाने काही वाया घालवलं नाही, तर तेवढ्यात दोन हजार बादल्या तुझ्या घरी पोचतात. 'दोन हजार, सुमे. आपण दोघींनी रोज एकेक वाहिली तरी पावणेतीन वर्षं...' असं म्हणून तू भिंतीवरच्या मीटरची चकती फिरताना बघत राहिलीस. तुझ्यामुळे मीही बघितली. त्याआधी ती चकती म्हणजे माझ्यासाठी महिन्याचा त्रास होता.

नव्या पुस्तकातून कॅलरी काढून ज्यूल घालणार असं कळलं तेव्हा मात्र मी तुझ्यावर भडकले होते, जसं काही पुस्तक तूच छापत होतीस. आपण गच्चीवर मिरच्या पसरत होतो. मी म्हटलं, 'पोळीत सव्वातीन लाख ज्यूल म्हटलं तर पोरी पोळी टाकून पळतील. माझी कॅलरी काय वाईट होती?'

'वाईट नाही गं. पण ती चुलीपाशीच बसते. युनिट मीटरपाशी बसतं. ज्यूल सगळीकडे जातो.' आणि एकेक मिरची बाजूला ठेवत मोजायला लागलीस. 'न्यूटनला मीटरने गुण, ज्यूल. वॉटला सेकंदाने गुण, ज्यूल. व्होल्टला कूलंबने गुण, ज्यूल. दाबाला आकारमानाने गुण, तरी ज्यूल. कुठल्याही जिन्याने ये, दार तेच.'

'आणि दारात काय?'

'तीच तर गंमत आहे. ज्यूल फोडून बघ. आत काय निघतं? वाण्याचा किलो, शिंप्याचा मीटर आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद. किलोला मीटरने दोनदा गुण, सेकंदाने दोनदा भाग. संपलं. त्यात भात नाही, वीज नाही, ऊन नाही, तरी भात, वीज, ऊन सगळं त्यात बसतं.' मग म्हणालीस, 'कसं काय बसतं गं?'

'मला काय विचारतेस? भौतिकशास्त्राची तू.'

'मला माहीत असतं तर हे आलं असतं का?' असं म्हणून तू हात पुढे केलास. मे महिन्याचं ऊन, गच्ची तव्यासारखी तापलेली, आणि तुझ्या हातावर काटा आला होता. मी तो बोट फिरवून बघितला. एवढी वर्षं वर्गात तेच शिकवलेली बाई, आणि किलो, मीटर, सेकंदाने तिच्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी मी कॅलरीचा नाद सोडला. तुला सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसली असतीस.

त्या मिरच्या घेऊन दर वर्षी आपण बाजारातल्या डंकावर जायचो. बाकीच्या बायका नाकाला पदर लावून बाहेर थांबायच्या. तू मला ओढून आत न्यायचीस, मोटारीसमोर उभी करायचीस, आणि शिंकत शिंकत शिकवायचीस. 'हॉर्सपॉवर लिहिलंय बघ, आक्छी, तिला वेळेने गुणलं की झाले ज्यूल. ही वीज. तिने मुसळ उचललं, आता ती उंची झाली. मुसळ सुटलं, आक्छी, उंचीचा वेग झाला. आणि आता?' धाडकन मुसळ मिरचीवर पडायचं. 'आणि आता काय झालं, सुमे?' मी म्हणायचे, 'आता डोळे चुरचुरले, बाहेर चल.' डंकवाले काका कुडाळकडचे. ते म्हणायचे, 'ह्या बाईंका मिरची लागणाच नाय.'

मग हे तुझं दुखणं आलं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याला एवढा मान नको. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं, आणि घरी आणल्यापासून तू जेवण टाकलंस. तुझ्या मीनलने करून बघितलं, भावोजींनी करून बघितलं. ओठाशी चमचा नेला की तू मान फिरवायचीस. जन्मभर पोरींना आजाऱ्याचा आहार शिकवलेली मी, वाटीत पेज घेऊन तुझ्या उशाशी बसायचे आणि ती पेज निवून जायची. मला दुसरं काही नको होतं, विजू. चार चमचे तुझ्या पोटात जावेत एवढंच. माझी सगळी विद्या तेवढ्यावर येऊन अडली होती.

एका दुपारी मी चिडूनच म्हटलं, 'नको खाऊस. एवढं तरी सांग, ह्या चमच्यात किती मजले?'

तू डोळे उघडलेस.

'पातळ आहे?'

'पाणीच आहे म्हण.'

'दोन कॅलरी धर. तुझ्या. मोठ्या.' आवाज बारीक, पण वर्गातलाच. 'आठ हजार चारशे ज्यूल. माझं वजन किती आता?'

'चाळीस असेल.'

'मीटरला चारशे. एकवीस मीटर. सात मजले, सुमे. ह्या एका चमच्यात मी सात मजले.' आणि चमच्याकडे असं बघितलंस, जसं त्या दिवशी पोळीकडे बघितलं होतंस. हाडाची काडं झाली होती तुझी, पण ते बघणं तेच होतं.

'आपली बिल्डिंग चारच मजल्यांची,' मी म्हटलं. 'वरचे तीन कशाला फुकट घालवतेस, गिळ.'

तू गिळलंस. मीनल दारात उभी होती, ती तोंड फिरवून आत गेली.

तेव्हापासून तसंच सुरू झालं. चमचा पुढे आला की तू त्याचं काहीतरी करायचीस. पेजेच्या एका चमच्यात भावोजींचा पंखा किती वेळ फिरेल, साखरेच्या चमच्यात किती बादल्या वर येतील, आणि हिशोब सुटला की बक्षीस म्हणून गिळायचीस. एकदा मध्येच म्हणालीस, 'खरं तर अंग पाव भागच कामाला लावतं. सातातले पावणेदोन मजले धर. बाकीचं...'

'बाकीचं काय?'

तुझे डोळे मिटले होते. मी वाटी झाकून ठेवली.

पण पावणेदोन मजले मी धरून ठेवले. गच्ची तुझ्या डोक्यावर एकच मजला. मीनलने यंदा एकटीने मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि तुला त्या बघायच्या होत्या, असं तू दोनदा म्हणाली होतीस. मी म्हटलं, 'एक चमचा पुरतो. आपण दोन घेऊ आणि जाऊ.' मीनल म्हणाली, 'मावशी, वेड लागलंय का तुला?' मी म्हटलं, 'हिशोब तुझ्या आईचा आहे, तिला विचार.' तू त्या दिवशी तीन चमचे खाल्लेस. न सांगता, तोंड उघडून.

मीनल खुर्ची घेऊन पुढे गेली, मी तुझ्यामागे. अर्ध्या जिन्यात वळण आहे तिथे तू थांबलीस. तुझी पाठ माझ्या छातीला टेकली, आणि काखेखालून हात घालून मी तुला धरून उभी राहिले. वरचं दार उघडं होतं, पायऱ्यांवर ऊन आलं होतं आणि उन्हाबरोबर मिरच्यांचा खकाणा. तू शिंकलीस. मीनल घाबरून खाली आली, तर तू हसत होतीस.

'काम करतेयस का, सुमे?'

'शून्य,' मी म्हटलं.

'शाबास.'

माझे पाय भरून आले होते, पण मी हलले नाही. मग तू म्हणालीस, 'तुझे हात किती गरम आहेत गं.'

'तुझं अंग गार पडलंय म्हणून तुला वाटतं.'

'नाही. तुझेच हात.' थोड्या वेळाने म्हणालीस, 'चल खाली.'

'अर्धाच तर राहिलाय. तेवढं खाल्लंयस तू.'

'असू दे. उरू दे थोडं.'

मीनलने ओंजळभर मिरच्या खाली आणून दाखवल्या. तू एक मोडलीस, कानाशी नेऊन बिया वाजवल्यास आणि म्हणालीस, 'वाळल्यात. कुटायला हरकत नाही.' त्यानंतर जेमतेम आठवडाभर होतीस. एवढा राग आला मला. हिशोब बरोबर होता, पेज पोटात होती, आणि तरी अर्धा मजला राहिला तो राहिलाच.

म्हणून काल दोन्ही घरच्या मिरच्या घेऊन मी एकटीच डंकावर गेले. काका म्हणाले, 'तुमची मैत्रीण खंय?' मी सांगितलं. त्यांनी तुझी पिशवी उचलली आणि रांगेतल्या सगळ्यांच्या आधी घेतली. एरवी भांडणाऱ्या बायका, पण कुणी हूं की चूं केलं नाही. मी आत जाऊन मोटारीसमोर उभी राहिले. वीज, उंची, वेग. मुसळ वर गेलं, खाली आलं. 'आणि आता काय झालं, सुमे?' असं विचारायला कुणी नव्हतं, तेव्हा मीच स्वतःला विचारलं.

काकांनी मसाला डब्यात भरून माझ्या हातात दिला. विजू, तो गरम होता. दर वर्षी गरमच असतो, मला काय माहीत नाही? पण काल हाताला लागला. एवढ्या वेळा मुसळ उचललं गेलं, एवढ्या वेळा आपटलं, ते सगळं कुठे गेलं? ह्यात. मिरची जागची हलली नाही, बाजारातून कुठे गेली नाही. जे घातलं ते ऊब होऊन बसलं.

आणि मग मला जिना आठवला. बाकीचं, असं म्हणून तू झोपलीस, ते बाकीचं. बादलीच्या हिशोबात शून्य, तुझ्या हिशोबात शून्य, तू काही एक पायरी वर गेली नाहीस. पण माझ्या हातांत काहीतरी सारखं जळत होतं, आणि ते सगळं ऊब होऊन तुझ्या बरगड्यांना लागत होतं. तेच सांगितलंस ना तू? इतकी वर्षं अडवून ठेवलेलं उत्तर दिलंस, की थंडी वाजत होती म्हणून नुसतंच म्हणालीस? आता हे मला कुणी सांगणार नाही. मी आपलं ते उत्तर म्हणून धरलंय. चुकलं असेल तर शिंक.

काका म्हणाले, 'मसालो अजून गरम असा. निवल्याशिवाय झाकण लावू नकात.' मी बाकावर बसले, डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी बाहेरून धरला. समोर दुसऱ्यांच्या मिरच्या कुटल्या जात होत्या. डबा निवायला बराच वेळ लागला, तोवर मी धरून बसले होते.